पुराच्या दिवसांतली झोप

पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला राहतात, सयाजीगंजातल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करतात. ऑफिस दहा ते सहा. घरी आल्यावर पावणेसात ते पावणेनऊ आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या दोन बॅचेस, आठवड्याचे सहाही दिवस. मुलं आठ, प्रत्येकी ९०० रुपये; ते पैसे घराच्या हप्त्याला लागतात आणि हप्ते अजून दोन वर्षं आहेत. यजमान शहराबाहेरच्या एका केमिकल प्लँटमध्ये आहेत, दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगा दहावीत. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले.

ताई पहाटे पावणेपाचला उठतात आणि बाराच्या सुमारास झोपतात. दीड वर्षात त्यांनी तीन वेळापत्रकं केली. शेवटचं अर्ध्या-अर्ध्या तासाचं, चार रंगांत, फ्रिजवर लावलेलं. तेही तीन आठवड्यांत कोलमडलं. त्यात रात्री पावणेदहाला ‘रियाज, १५ मिनिटं’ असं लिहिलं आहे, कारण लग्नाआधी सूरसागर तलावासमोरच्या म्युझिक कॉलेजात त्यांनी गायनाचा डिप्लोमा केला होता. रियाज एकदाही झाला नाही. त्या वेळेला हातात मोबाईल येतो आणि चाळीस मिनिटं जातात, याची त्यांना लाज वाटते. गेल्या महिन्यात काळ्या घोड्याच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मागच्या गाडीच्या हॉर्ननं जाग आली.

पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, त्यांनी लिहिलं आहे : “२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ऑफिस बंद, ट्यूशन बंद. मी दोन दिवस दुपारी गाढ झोपले. लोकांच्या घरांत पाणी शिरलेलं आणि मला बरं वाटत होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.”

त्यांचा प्रश्न : वेळेच्या नियोजनात माझं कुठे चुकतंय? एखादी चांगली पद्धत सांगा. आणि ट्यूशन सोडू का, तेही सांगा.

उत्तर

प्रिय ताई,

सहीखालच्या त्या ओळींपासूनच सुरुवात करते, कारण तुमचं खरं पत्र मला तिथे सापडलं.

पूर आला म्हणून तुम्हाला बरं वाटलं, असं मला वाटत नाही. त्या दिवसांत सगळं बडोदं पाण्याकडे डोळे लावून बसलं होतं, मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या होत्या, कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. तुमचंही नसणार. पण त्या दोन दिवसांत तुमच्याकडे कुणी काही मागू शकत नव्हतं. मुलांच्या आयांचा ‘टीचर, आज क्लास आहे ना?’ असा फोन नव्हता, ऑफिसातून जीएसटीच्या रिटर्नची आठवण नव्हती. सगळ्यांना ‘नाही’ म्हणायचं काम नदीनं केलं. तुम्हाला कुणाचं मन मोडावं लागलं नाही, म्हणून तुमचा डोळा लागला. यात लपवण्यासारखं काही नाही. एका बाईला दुपारी आडवं व्हायला नदीला पूर यावा लागतो, हे वाचून मात्र मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते.

आता काळ्या घोड्याचं. बाकी सगळं त्यानंतर.

माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याची लक्ष देण्याची आणि चटकन हालचाल करण्याची ताकद रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावू शकते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. तुम्ही पावणेपाचला उठता. सतरा तास मोजले तर रात्रीचे पावणेदहा होतात. बरोबर त्याच वेळेला तुम्ही रियाज लावला आहे! त्या वेळेला हातात तानपुरा न येता मोबाईल येतो, यात तुमच्या आळसाचा काही संबंध नाही. थकलेलं डोकं सगळ्यात कमी कष्टाची गोष्ट उचलतं. शिवाय ती चाळीस मिनिटं ही दिवसातली एकमेव वेळ आहे जेव्हा तुमच्याकडून कुणाला काही नको असतं. दिवसभरात जे मिळालं नाही ते तुम्ही रात्री झोपेतून कापून घेता. याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही, तुम्हीही स्वतःला रागावू नका.

पण सिग्नलला डोळा लागणं ही वेगळी गोष्ट आहे. पुढचे पंधरा दिवस स्कूटर बंद. दांडिया बाजार ते सयाजीगंज रिक्षानं जा, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या मागे बसून जा. आणि या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन ही थकव्याची हकिकत जशी मला लिहिलीत तशीच त्यांना सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्यावं का, ते विचारा. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि तुमच्या वयात पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं अनेक जणींच्या लक्षातही येत नाही. बायका वेळापत्रकं बदलत बसतात आणि कारण रक्तात निघतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यासाठी १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा मोफत क्रमांकही आहे, तो चोवीस तास चालतो.

काळ्या घोड्याच्या ज्या पुतळ्यासमोर तुमचा डोळा लागला, त्या पुतळ्यातल्या सयाजीराव महाराजांची एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. १८७५मध्ये बाराव्या वर्षी कवळाणे गावचं हे पोर बडोद्याच्या गादीवर आलं, १८८१च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार हातात आले. पुढच्या काही वर्षांत कामाच्या ताणानं त्यांची तब्येत बिघडली, झोप लागेनाशी झाली. अखेर १८८७ साली डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते युरोपला गेले. आपण ज्यांच्यासाठी महाराजांचं नाव घेतो त्यातली कितीतरी कामं त्यानंतरची आहेत : १९०६चं राज्यभरातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९१०मध्ये सुरू झालेली वाचनालयांची चळवळ. तुम्ही म्हणाल, महाराजांना दिवाण होते, माझ्या मागे कोण आहे? अगदी खरं. मलाही तेच म्हणायचं आहे. त्यांना जाता आलं, कारण मागे काम उचलणारं कुणी होतं आणि त्यांनी ते उचलू दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तुमचा प्रश्न आहे, नियोजनात कुठे चुकतंय. तुम्ही पत्रात दिलेल्या वेळा मी कागदावर मांडल्या. ऑफिस, येणं-जाणं धरून नऊ तास. ट्यूशन दोन. सकाळ-संध्याकाळचं घरकाम साडेचार. सासूबाईंचा व्यायाम, शेक, औषधं एक. मुलाबरोबर रात्री बसणं एक. तुमची स्वतःची आंघोळ, पूजा, जेवण मिळून सव्वा. एकूण पावणेएकोणीस. त्यात सात तासांची झोप धरली, आणि मोठ्या माणसाला निदान तेवढी लागतेच, तर बेरीज पावणेसव्वीस होते. यात विश्रांतीचं एक मिनिट नाही, रियाज नाही, शेजारणीशी दोन शब्द नाहीत, आजारपण नाही, पाहुणा नाही.

ताई, तुम्ही अकाउंट्सच्या बाई आहात. ज्याचा खर्च जमेपेक्षा जास्त आहे असा माणूस तुमच्याकडे आला आणि म्हणाला, वही चार रंगांत लिहू का, तर तुम्ही त्याला काय सांगाल? तुमची वही उत्तम आहे. तुमच्याइतकं नेटकं नियोजन मी फार थोड्या पत्रांत पाहिलं आहे. पावणेसव्वीस तास चोवीसात बसवण्याची पद्धत कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

आणि समजा, एखाद्या युक्तीनं रोजचा अर्धा तास वाचला. तो कुठे जाईल? माझ्या आजीकडे पाटा-वरवंटा होता. चटणी आठवड्यातून दोनदा व्हायची, कारण वाटणं जिवावर यायचं. मग मिक्सर आला, आणि आता आपण रोज चटणी करतो, शिवाय इडलीचं पीठ, शिवाय मुलाला मिल्कशेक. कपडे धुवायचं यंत्र आलं आणि एकदा घातलेला सदरा दुसऱ्या दिवशी घालायची सोय राहिली नाही. वाचलेला वेळ बायकांच्या हाती आलाच नाही, त्यात आणखी काम येऊन बसलं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. गॅस, कुकर, मिक्सर कितीतरी घरांत आलेले असतानाचा हा आकडा आहे. म्हणून मी तुम्हाला वेळ वाचवायला सांगणार नाही. काही काम सोडायला सांगणार आहे, आणि सोडलं की कुणाला तरी ते खटकणार आहे. तुम्ही आजवर जे टाळत आलात ते हे खटकणं आहे.

विश्रांतीबद्दलही तुमचा एक समज मला पत्रभर दिसला. तुम्ही लिहिता, ‘सगळं आवरल्यावर’ पडेन. सगळं कधीच आवरत नाही. माझं माहेर रावपुऱ्यातलं. दुपारी दीड ते तीन आमच्या घराचं दार लोटलेलं असायचं. आई चटईवर कुशीवर, उशाला हात घेऊन. बोहारीण आली तरी पायरीवरूनच परत जायची, आम्ही मुलं कुजबुजत खेळायचो, आजोबांना चहा हवा असेल तर ते तीन वाजेपर्यंत थांबायचे. आईचं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणणार नाही. ती सगळ्यांच्या नंतर जेवायची, आणि वाळवणाच्या दिवसांत ती दुपारही पापडांत जायची. पण एरवी तिला ती दुपार मागावी लागत नव्हती. भांडी घासून झाली का, हे कुणी विचारत नव्हतं. तो घराचा नियम होता, जसा देवाला दिवा लावायचा असतो तसा. तुम्ही विश्रांतीचा निश्चय एकटीनं करता, आणि एकटीचा निश्चय पहिल्या फोनला मोडतो. चौघांनी मान्य केलेला नियम असा सहज मोडत नाही.

म्हणून पहिलं काम : येत्या रविवारी जेवणं झाल्यावर घरातल्या चौघांनी वीस मिनिटं एकत्र बसायचं. तुमची ती पावणेसव्वीस तासांची बेरीज एका कागदावर लिहून मध्ये ठेवा. रडू नका, भांडू नका, तुम्हाला आकडे मांडता येतात, आकडेच मांडा. आणि एक नियम मागा : रविवारी दीड ते साडेतीन आई झोपणार. स्वयंपाकघर असेल त्या स्थितीत राहील. पहिल्या दोन रविवारी तुम्हाला झोप लागणार नाही, ओट्यावरची भांडी डोळ्यांसमोर येतील. तरी उठू नका.

दुसरं, तुमचं वेळापत्रक का कोलमडलं याचं एक साधं कारण मला दिसतं. तुम्ही सगळ्या आठवड्यांसाठी एकच कागद केलात. तुमच्या घराचं घड्याळ मात्र दर आठवड्याला बदलतं. यजमानांची पहिली पाळी असते तेव्हा ते दुपारी तीन-साडेतीनला घरी असतात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळभर घरी असतात. रात्रपाळीत त्यांनी दिवसा झोपायला हवं. म्हणजे ही तीन वेगळी घरं आहेत. पाळीवर काम करणाऱ्या प्रत्येक घरानं, आणि बडोद्याच्या आजूबाजूला अशी घरं हजारो आहेत, तीन कागद करावेत. पहिल्या पाळीत संध्याकाळची भाजी आणि कुकर त्यांचा. दुसऱ्या पाळीत सकाळचे डबे, बँक, दळण त्यांचं. त्या आठवड्यात तुम्ही पावणेसहाला उठा. रात्रपाळीत त्यांना काहीच सांगू नका, खिडकीला जाड पडदा लावा आणि दारावरची बेल बंद ठेवा. रात्रपाळीनं माणसाचं शरीर किती शिणतं हे तुम्ही रोज पाहताच. त्यांचीही झोप या घराच्या नियमात आली पाहिजे.

तुम्ही लिहिलं आहे, ‘हे मदत करतात, पण सांगावं लागतं.’ या ‘सांगावं लागतं’ मध्येच अर्धं काम दडलेलं आहे. औषध संपत आलंय हे लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट कुठे ठेवला ते आठवणं, हे सगळं तुमच्या डोक्यात, आणि दुकानातून गोळ्या आणणं एवढीच त्यांची मदत. त्यापेक्षा एक काम मुळापासून त्यांच्याकडे द्या. मी म्हणेन, सासूबाईंचं. म्हणा, ‘अहो, आजपासून आईंची औषधं, व्यायाम, डॉक्टर, सगळं तुमच्याकडे. मी विचारणारही नाही.’ आणि खरंच विचारू नका. एखादी गोळी एक दिवस उशिरा आणली जाईल (रक्तदाबासारख्या रोजच्या, चुकवू नयेत अशा गोळ्यांचा पुढच्या महिन्याचा साठा आधीच करून ठेवा). व्यायाम तुमच्यासारखा दहा-दहा मोजून होणार नाही. पण त्या त्यांच्या आई आहेत, आणि मुलानं गुडघ्याला शेक दिलेला कोणत्या आईला नको असतो? मघाशी मी महाराजांच्या दिवाणाचं म्हणाले होते ना, तो दिवाण हा.

सासूबाईंबद्दल एक प्रश्न विचारते. बाहेरच्या पोळ्या त्यांना चालणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्या असं म्हणाल्या आहेत का? पत्रात तुमचं वाक्य आहे, ‘त्या बोलत नाहीत, पण मला वाटतं.’ बडोद्यात गल्लोगल्ली तयार रोटली मिळते, घरी येऊन रोटल्या लाटून देणाऱ्या बेन मिळतात. आठवड्यातून दोन दिवस तरी हे करता येईल. एकदा त्यांच्या शेजारी बसून सरळ विचारा. पाच महिने खाटेवर बसलेल्या बाईला आपण घरावर ओझं झालो आहोत असंही वाटत असेल. भाजी निवडणं, लसूण सोलणं, नातवाची पाढ्यांची किंवा संस्कृतच्या शब्दांची उजळणी घेणं, हे त्या बसून करू शकतात, आणि कदाचित तुम्ही मागायची वाट पाहत असतील. त्यांनी नाही म्हटलं, तर निदान ते तुमच्या अंदाजातलं ‘नाही’ नसेल, त्यांचं स्वतःचं असेल, आणि त्यावर बोलता येईल.

ट्यूशनचं आता. सोडू नका. महिन्याचे ७,२०० रुपये एकदम गेले तर हप्त्याच्या काळजीनं झोप जाईल, ती वेगळीच. आणि तुमच्या पत्रात सगळ्यात जिवंत ओळ कोणती होती सांगू? ‘एखाद्या पोराला समीकरण सुटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.’ हे काम तुम्हाला आवडतं. पण सहा दिवस कशाला? सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे चार दिवस ठेवा. रोजचा अर्धा तास कमी करण्यापेक्षा दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या असणं कितीतरी बरं, कारण अर्धा तास कोथिंबीर निवडण्यात जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हापासून बदल करा आणि पालकांना आत्ताच सांगून ठेवा. फी तीच. एक-दोन मुलं जातील. म्हणजे महिन्याला ९०० ते १,८०० रुपये कमी. ही त्या दोन संध्याकाळांची किंमत आहे, ती डोळे उघडे ठेवून मोजा. घराच्या खर्चात ती बसते का हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. नाहीच बसली तर पाच दिवस घ्या, पण एक संध्याकाळ सोडवाच.

मात्र ती संध्याकाळ मोकळी होण्याआधी तिचं काय करायचं ते ठरलेलं हवं. नाहीतर पहिल्याच बुधवारी कुणीतरी म्हणेल, ‘आज तुला क्लास नाही ना, मग जरा...’

मुलगा. दहावीचं वर्ष आहे, तुमची काळजी मला समजते. तो पावणेबारापर्यंत अभ्यास करतो आणि तुम्ही शेजारी बसता, कारण उठलात तर तो मोबाईल घेईल. पंधरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत जागून केलेलं पाठांतर अपुऱ्या झोपेत नीट मुरत नाही. त्याचा मोबाईल साडेनऊला आजीच्या खोलीत चार्जिंगला जाऊ दे, तुमचाही त्याच्या शेजारी. साडेदहाला घरातले दिवे बंद. तुमची राखण तिथे संपते. त्याचा अभ्यास त्याचा आहे. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा त्याला अडलेलं गणित जरूर सांगा, पण पहारा नको.

या सगळ्याची बेरीज करून पाहा. मुलाजवळचा एक तास गेला, सासूबाईंचा एक गेला, यजमानांच्या दोन पाळ्यांच्या आठवड्यांत घरकामातला एकेक तास गेला. साडेदहाला झोपून साडेपाचला उठलात तर सात तास होतात. रात्रपाळीच्या आठवड्यात हे जमणार नाही, तो आठवडा जड जाईल. जाऊ दे. त्या आठवड्यात तयार रोटली आणा.

आता गाण्याकडे येते, आणि इथे थोडं रेंगाळते, कारण पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे.

‘रियाज, १५ मिनिटं’ ही ओळ आजच फ्रिजवरून काढून टाका. ती ओळ तुम्हाला रोज रात्री नापास करते आहे. ज्या गोष्टीवर तुमचं प्रेम होतं ती आता न फेडलेल्या हप्त्यासारखी दिसू लागली आहे, आणि असंच चाललं तर एक दिवस तुम्ही म्हणाल की मला गाणं आवडायचंच नाही. घरात एकटीनं करायची गोष्ट सगळ्यात आधी रद्द होते, कारण ती रद्द झाल्याचं कुणाला कळत नाही. जिथे जायचं असतं, जिथे चार माणसं वाट पाहतात, ती गोष्ट टिकते. शनिवारची संध्याकाळ त्यासाठी ठेवा. तुमच्या आसपास विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसणाऱ्या बायका असतील, जुन्या मैत्रिणींपैकी कुणी शिकवत असेल, कॉलेजातली एखादी वर्गमैत्रीण तुमच्याइतकीच गाण्याला मुकलेली असेल. दोघीजणी पेटी घेऊन बसलात तरी पुरे. आवाज पूर्वीसारखा लागणार नाही. वरचा षड्ज कापरा येईल. येऊ दे. गणेशोत्सवात कार्यक्रम करायचं निदान वर्षभर मनात आणू नका, नाहीतर त्याचंही वेळापत्रक होईल.

तुम्ही रोज ज्या म्युझिक कॉलेजवरून जाता, त्याची सुरुवात १८८६मध्ये गवई मौलाबक्षांनी महाराजांच्या आश्रयानं गायनशाळा म्हणून केली. सर्वसामान्य घरांतल्या मुलांना गाणं शिकता यावं, ही त्यामागची इच्छा होती. त्या शाळेच्या परंपरेत तुम्ही डिप्लोमा केलात. ‘लग्नाआधीचा नाद’ असं तुम्ही त्याला पत्रात म्हटलंय, तो शब्द मला पटला नाही.

हे उत्तर इतरही जणी वाचतील, आणि त्यांतल्या काहींच्या घरी पाळी वाटून घ्यायला दुसरं माणूसच नसेल. एकटीनं आजारी माणसाचं करणाऱ्या, एकटीच्या पगारावर घर चालवणाऱ्या बायकांना मी ‘काम वाटून द्या’ असं सांगणं बरोबर नाही. त्यांना एवढंच म्हणेन की दर्जा उतरवायची परवानगी स्वतःला द्या. वरण-भात हे पूर्ण जेवण आहे. इस्त्री नसलेल्या चादरीवर तशीच झोप लागते. आणि महिन्यातून एक दिवस बहिणीला, भावजयीला, शेजारणीला घरी बसवून चार तास बाहेर पडा. त्यांना सरळ मागा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लोक जास्त वेळा हो म्हणतात. पुरुष वाचकांनी वर आलेले २९९ आणि ९७ हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत आणि घरातलं एक काम, सांगायची वाट न पाहता, आपलं म्हणून उचलावं.

ताई, अजून एक विचारते. गेल्या उत्तरायणाला तुम्ही गच्चीवर किती वेळ होता? आपल्या शहरात १४ जानेवारीला सगळे गच्चीवर असतात, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणलाही. दिवसभर पतंग उडवून काय मिळवलं, असं कुणी कुणाला विचारत नाही. विश्रांती कशी घ्यायची हे बडोद्याला चांगलं ठाऊक आहे. पण त्या दिवशी खालच्या मजल्यावर उंधियूचं आणि जिलबीचं ताट भरत कोण असतं, हेही मला ठाऊक आहे. येत्या उत्तरायणाला उंधियू विकत आणा. फिरकी धरायला वर जा.

आणि पुढच्या पत्रात मला वेळापत्रक पाठवू नका. रविवारच्या त्या वीस मिनिटांत कोण काय बोललं ते लिहा, सासूबाई काय म्हणाल्या ते विशेष करून लिहा. रक्ताचे रिपोर्ट आले की डॉक्टरांनी काय सांगितलं तेही कळवा. तोवर स्कूटर बंदच राहू दे.

तुमची,
सदरलेखिका